धनुष्याच्या पाठीवर कच्चे कातडे चिकटवताना

लाकडी धनुष्य ओढले की त्याची लक्ष्याकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि नेमबाजाकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. दाब सोसताना लाकूड हळूहळू थकते, पोटावर आडव्या सुरकुत्या दिसू लागतात, भुजांना, म्हणजे मुठीच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भागांना, कायमचा बाक बसतो आणि आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. पाठीवरचा ताण मात्र ते शेवटच्या क्षणापर्यंत मुकाट्याने सोसते आणि मग एकाएकी तुटते. या तुटण्याची सुरुवात बहुधा पाठीवरच्या एका बारीक ढलपीपासून होते. तंतू जिथे कापला गेला असेल तिथे ती ढलपी किंचित उचलली जाते, भेग तंतूच्या कडेने आत शिरते आणि भुजेचे दोन तुकडे होतात. ही पहिली ढलपी उचलूच नये म्हणून पाठीवर न कमावलेल्या कातड्याची पातळ पट्टी चिकटवण्याची पद्धत आहे.

कातड्याने धनुष्याचा जोर वाढतो हा समज आधीच दूर केलेला बरा. लाकडाच्या मानाने कातडे पुष्कळ लवचीक असते, त्यामुळे ते स्वतः फारसा ताण घेत नाही. उलट पन्नासेक ग्रॅम वजन वाढवून बाणाचा वेग किंचित कमीच करते. जोर वाढवणारी पाठ हवी असेल तर जनावराच्या स्नायूबंधांचे धागे सरसात भिजवून थरावर थर बसवावे लागतात. कॅलिफोर्नियातील याही जमातीचे ईशी १९११ ते १९१६ या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात राहत असताना तशी धनुष्ये बनवून दाखवत असत. ती विद्या वेगळी आणि कितीतरी अधिक वेळखाऊ आहे. कच्चे कातडे हा केवळ विमा आहे, आणि विम्याप्रमाणेच त्याच्याही अटी आहेत. पाठीवर मोठी गाठ असेल, लाकडाचे तंतू भुजेच्या मध्यावर तिरपे होऊन कडेबाहेर पडत असतील किंवा पोटावर आधीच सुरकुत्या पडल्या असतील, तर कातडे ते धनुष्य वाचवू शकत नाही. फार तर तुकडे उडून अंगावर येणार नाहीत, एवढेच.

पुढील वर्णनासाठी मी धामणीच्या लाकडाचे, १६८ सेंमी लांबीचे, चपट्या भुजांचे आणि २८ इंच ओढीला ४० पौंड भार देणारे (म्हणजे दोरी तितकी ओढायला ४० पौंड जोर लागणारे) धनुष्य डोळ्यांसमोर ठेवले आहे. कावडीच्या दांड्या आणि हत्यारांचे दांडे यांसाठी धामण आपल्याकडे पूर्वीपासून वापरात आहे आणि तिचे संस्कृत नाव ‘धन्वन’ असे आहे; यावरून तिच्या लवचीकपणाची कल्पना यावी. पाश्चात्त्य देशांत हेच काम ओसेज ऑरेंज, हिकरी किंवा लाकडाच्या वखारीतून निवडून आणलेल्या रेड ओकच्या फळीवर केले जाते. लाकूड कोणतेही असो, कृतीत फरक पडत नाही. सातपुड्यातील भिल्लांच्या बांबूच्या कामठ्याला मात्र असल्या पाठीची गरजच नसते, कारण बांबूची हिरवी साल हीच मुळात ताणासाठी घडलेली पाठ आहे.

कातडे निवडणे

या कामासाठी परदेशातले लोक बहुधा हरणाचे कातडे वापरतात. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू असल्यामुळे चितळ-सांबराच्या कातड्याचा विचारही करू नये, आणि त्याची गरजही नाही. शेळीचे कातडे या कामाला उत्तम आहे आणि ते जिथे हमखास मिळते अशी जागा आपल्या शहरांत आहे: तबला, ढोलकी आणि पखवाज मढवणाऱ्या कारागिरांची दुकाने. त्यांच्याकडे केस काढून, ताणून सुकवलेली, न कमावलेली कातडी असतात. मात्र पुडीसाठी गोल कापलेले तुकडे आपल्या उपयोगाचे नाहीत. अखंड कातडे मागावे आणि ते कशासाठी हवे आहे हेही सांगावे. मी प्रथम गेलो तेव्हा धनुष्याचे नाव ऐकून कारागीर मनसोक्त हसले, पण नंतर त्यांनी स्वतःच गठ्ठा उलगडून पाठीच्या कण्याजवळचा भाग कसा ओळखायचा ते दाखवले.

कातडे उजेडासमोर धरून पाहावे. चांगले कातडे सारखे पारभासी दिसते. सुरीचे निसटते वार, किड्यांची भोके आणि शिरांच्या खुणा लगेच नजरेस येतात. पोटाकडचा भाग पातळ, सैल आणि असमान ताणला जाणारा असतो, तो टाळावा. कण्याच्या दोन्ही बाजूंना, कण्याला समांतर अशा दोन पट्ट्या निघाव्यात. म्हणजे दोन्ही भुजांवर सारख्याच गुणाचे कातडे येते. जाडी अर्धा ते पाऊण मिमी पुरे. एक मिमीच्या पुढचे कातडे वजन वाढवते, वाळायला वेळ घेते आणि कडांना नीट वळत नाही. कातडे खरोखर कच्चे आहे की कमावलेले, अशी शंका असल्यास एक लहान तुकडा भिजवून वाळवावा. कच्चे कातडे पुन्हा कडक आणि पारभासी होते, कमावलेले मऊच राहते. बाजारात कुत्र्यांना चघळण्यासाठी मिळणारी कातड्याची मोठी हाडे भिजवून उलगडतात आणि तीच पट्टी म्हणून वापरतात, असा एक स्वस्त मार्गही प्रचलित आहे. परंतु ते कातडे जाड असते आणि घासण्यातच दिवस जातो, म्हणून मला तो पसंत नाही.

धनुष्य कोणत्या अवस्थेत असावे

दोन्ही भुजा सारख्या आणि गोलाईने वाकाव्यात म्हणून पोटाचे लाकूड थोडे थोडे खरवडण्याच्या क्रियेला धनुष्य बनवणारे टिलरिंग म्हणतात. पाठ निर्दोष असेल तर हे काम बरेचसे आटोपल्यावर, म्हणजे धनुष्य सुमारे २४ इंचांपर्यंत नीट वाकू लागल्यावर आणि अपेक्षित भारापेक्षा तीन-चार पौंड जास्त असताना, कातडे चिकटवावे. पाठीविषयीच शंका असेल तर इतके थांबू नये. दोरी लावण्यापूर्वी, धनुष्य जमिनीवर टेकवून थोडेसेच वाकते अशा अवस्थेत ते मढवून घ्यावे, कारण ज्या संकटासाठी विमा काढायचा ते संकट तोवर ओढवून बसण्याची शक्यता असते.

पाठ सँडपेपरने गुळगुळीत करून घ्यावी आणि तिच्या दोन्ही कडा गोल कराव्यात. धारदार काटकोनी कडेवर ओले कातडे नीट बसत नाही आणि वाळताना नेमके तिथेच उचलते. त्यानंतर पाठीवर ८० नंबरच्या सँडपेपरने लांबीच्या दिशेने हलके ओरखडे काढावेत. आडवे ओरखडे कधीही काढू नयेत, कारण प्रत्येक आडवा ओरखडा म्हणजे तंतूंवरचा एक बारीक काप असतो. हाताचा घाम आणि तेल पाठीला लागलेले असतेच, म्हणून शेवटी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या फडक्याने पाठ दोनदा पुसावी आणि त्यानंतर तिला बोट लावू नये. लाकडावर आधी तेल किंवा व्हार्निश चढवले असेल तर ते पूर्णपणे खरवडून काढण्याला पर्याय नाही.

याच वेळी एक काम करावे, ज्याचे महत्त्व पुढे कळेल. स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वाटी उपडी ठेवून, तिच्यावर धनुष्य आडवे तोलून त्याचे वजन करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे.

पट्ट्या कापणे आणि भिजवणे

शेळीच्या कातड्यातून १६८ सेंमी लांबीची अखंड पट्टी निघत नाही, आणि ती काढण्याचा अट्टाहासही नको. प्रत्येकी ८५ ते ९० सेंमीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. त्यांचा जोड मुठीत येतो आणि मूठ वाकत नसल्यामुळे तिथे जोडावर ताण येत नाही. टोकांकडचे शेवटचे तीन-चार सेंमीही जवळजवळ वाकत नाहीत, म्हणून तिथे पट्टी थोडी तोकडी पडली तरी बिघडत नाही. रुंदी मात्र सढळ हाताने ठेवावी. भुजेच्या त्या त्या ठिकाणच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना एकेक सेंमी जास्त असावी, कारण कातडे वाळताना रुंदीतही आक्रसते. मुठीजवळ भुजा ४० मिमी रुंद असेल तर पट्टी ६० मिमी हवी. कापण्यापूर्वी कोरड्या कातड्यावर पेन्सिलीने आखून घ्यावे आणि जाड कात्रीने कापावे.

कातड्याची एक बाजू केसांची आणि दुसरी मांसाची. केसांची बाजू गुळगुळीत आणि घट्ट असते, मांसाकडची किंचित खरखरीत. मांसाकडची बाजू लाकडावर येईल असा नेम ठेवावा. त्या बाजूला चरबीचे पिवळसर डाग किंवा सुटी पापुद्रे असतील तर कोरडे असतानाच सँडपेपरने घासून काढावेत. भिजल्यावर कोणती बाजू कोणती हे पटकन ओळखता येत नाही, म्हणून केसांच्या बाजूला टोकाजवळ खूण करून ठेवावी. ही खूण नंतर छाटली जाते.

भिजवण्यासाठी थंड किंवा अगदी कोमट पाणी घ्यावे. गरम पाण्याचा मोह अनेकांना होतो, पण साठ अंशांच्या आसपास कातड्यातील तंतू आखडू लागतात आणि पट्टी डोळ्यांदेखत गोळा होऊन रबरासारखी बनते. ती मग कशालाच उपयोगी पडत नाही. हाताला गरम लागणारे पाणी कातड्यालाही गरमच. पातळ कातडे अर्ध्या ते एका तासात ओल्या फडक्याइतके मऊ होते. त्यानंतर भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून पट्टी हलक्या हाताने धुवावी, म्हणजे उरलीसुरली चरबी जाते. केस काढताना वापरलेल्या चुन्याचा अंशही निघून जावा म्हणून स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यावी. रात्रभर भिजत ठेवू नये. आपल्या हवेत सकाळी त्याला वास सुटलेला असतो.

सरस की पांढरा गोंद

हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. सरस हा मुळात कातड्यातूनच काढलेला असतो, त्यामुळे लाकूड आणि कच्चे कातडे या दोहोंशी तो एकजीव होतो, वाळल्यावर कडक राहतो आणि चूक झालीच तर कोमट ओलाव्याने सोडवता येतो. त्याचे वैगुण्य हेच की ओलावा आणि उष्णता एकत्र आली की तो मऊ पडतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत सरसाने मढवलेले धनुष्य ठेवू नये. सुताराला परिचित असलेला पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलच्या जातीचा, वापरायला सोपा आहे, त्याला तापवावे लागत नाही आणि त्याच्या पाणीरोधक प्रकारांना दमट हवेचे फारसे भय नसते. सतत ताणाखाली तो अगदी किंचित सरकतो खरा, पण कातडे मुळातच फारसा ताण घेत नसल्यामुळे इथे त्याने बिघडत नाही. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने पांढरा गोंदच घ्यावा, असे मी सुचवीन. मी स्वतः सरस वापरतो. त्याचे अर्धे कारण तांत्रिक आहे आणि अर्धे हौसेचे. इपॉक्सी मात्र दोघांनीही टाळावे, कारण ओल्या कातड्यावर ते भरवशाने धरत नाही.

सरस वापरायचा असेल तर फिकट मधाच्या रंगाचा आणि दुर्गंधी नसलेला निवडावा. एक भाग सरस आणि दोन भाग थंड पाणी असे वजनाने घेऊन तो फुगेपर्यंत भिजवावा. दाणेदार सरसाला दोन तास पुरतात, वड्यांना रात्र लागते. मग हे भांडे दुसऱ्या मोठ्या भांड्यातील गरम पाण्यात ठेवून साठ अंशांपर्यंत तापवावे. थेट आचेवर ठेवू नये आणि उकळू तर मुळीच देऊ नये, कारण सत्तरच्या पुढे सरसाची ताकद झपाट्याने उतरते. तयार सरस ब्रशवरून अखंड धारेने खाली पडावा. थेंबाथेंबाने तुटत पडला तर पाणी घालावे, पाण्यासारखा ओघळला तर थोडा आटवावा. शेवटी पातळ फडक्यातून गाळून घ्यावा. सरस तीस-पस्तीस अंशांना गोठू लागतो, म्हणून मार्च-एप्रिलच्या दुपारी काम केल्यास हाताशी भरपूर वेळ मिळतो; पुण्यात डिसेंबरच्या सकाळी मात्र लाकूड केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून घ्यावे लागते.

लाकूड पहिला गोंद पिऊन टाकते आणि जोड उपाशी राहतो, म्हणून आधी पातळ केलेल्या गोंदाचा एक हात द्यावा. इथे दोन गोंदांची रीत वेगळी आहे आणि ती पाळली नाही तर सगळे वाया जाते. सरसाचा पहिला हात पूर्ण वाळू द्यावा, कारण वरून येणारा गरम सरस त्याला पुन्हा जागा करतो. पांढऱ्या गोंदाचा पहिला हात वाळू देऊ नये. वाळलेल्या पांढऱ्या गोंदावर नवा पांढरा गोंद नीट धरत नाही, म्हणून तो चोळून लगेच पुढचे काम करावे.

चिकटवणे

या टप्प्याला प्रत्यक्षात प्रत्येक भुजेमागे दहा-पंधरा मिनिटेच लागतात, पण ती अखंड मिळाली पाहिजेत. सर्व सामान आधी मांडून ठेवावे: ब्रश, गोंद, कोरडे टॉवेल, औषधाच्या दुकानात मिळणारी चार मीटरची क्रेप बँडेजे (प्रत्येक भुजेला एक) आणि कपडे वाळत घालण्याचे डझनभर चिमटे. पोटाच्या बाजूला गोंद लागू नये असे वाटत असेल तर तिथे कागदी टेप लावावी.

पट्टी पाण्यातून काढून दोन टॉवेलांमध्ये दाबावी. ती ओलसर हवी, ठिबकणारी नको. अंगावरचे पाणी गोंद पातळ करते आणि जोड कमजोर होतो; याउलट ती अर्धवट वाळलेली असेल तर कडांना वळत नाही. भुजेच्या पाठीवर आणि पट्टीच्या मांसाकडच्या बाजूवर, दोन्हीकडे, गोंदाचा सढळ हात द्यावा. पट्टीचे एक टोक मुठीच्या मध्यावर ठेवून ती टोकाकडे उलगडत न्यावी. ताणायची ती इतकीच, की सुरकुती राहणार नाही. ओले कातडे ओढले तर हातात सहज ताणले जाते, पण वाळताना सगळा हिशोब वसूल करते. अतिताणलेली पट्टी एका बाजूला जास्त ओढली गेली असेल तर भुजेला पीळ पडू शकतो.

आता अंगठ्याने, मधल्या रेषेपासून कडांकडे आणि मुठीपासून टोकाकडे, दाब देत जावे. आतली हवा आणि जादा गोंद कडांमधून बाहेर आला पाहिजे. ओले कातडे पारभासी असल्यामुळे हवेचा फुगा फिकट, ढगाळ ठिपक्यासारखा दिसतो. दिवा तिरपा धरून संपूर्ण भुजा पाहावी आणि प्रत्येक ठिपका कडेकडे ढकलत न्यावा. दुसरी पट्टी मुठीत पहिलीवर तीन-चार सेंमी चढवावी. वाळल्यावर हा दुहेरी भाग कानशीने उतरता करता येतो.

मग मुठीपासून सुरुवात करून क्रेप बँडेज गुंडाळावे. दोन वेढ्यांमध्ये थोडी फट ठेवावी, म्हणजे ओलावा निघायला वाट राहते. दाब साधारण मुरगळलेल्या पायाला बांधतो तितका. त्याहून जास्त दिल्यास सगळा गोंद बाहेर येतो. कडांबाहेर लोंबणारे कातडे बँडेजखाली भुजेच्या बाजूंवर दुमडले जाईल याकडे लक्ष द्यावे. टोकांजवळ भुजा निमुळती असते आणि बँडेज घसरते, तिथे चिमटे लावावेत.

माझ्या पहिल्या धनुष्यावर मी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, दाब छान बसतो म्हणून, आणि तेही जुलै महिन्यात. तीन दिवसांनी सोडले तेव्हा घरभर असा वास पसरला की ते धनुष्य गॅलरीत हलवावे लागले. कातडे वाळले नव्हतेच, शिवाय त्यातले पाणी बाहेर जायला वाट न मिळाल्यामुळे लाकडात मुरले होते. मी घाईने दोरी चढवली आणि दोन्ही भुजांना जो बाक बसला तो पुन्हा गेला नाही. रबर, प्लॅस्टिक, चिकटपट्टी यांपैकी काहीही वापरू नये, हे तेव्हा कळले. आणि हेही कळले, की हे काम वरवर गोंदाचे दिसले तरी मुळात पाण्याचे आहे. ओल्या कातड्यात त्याच्या कोरड्या वजनाहून जास्त पाणी असते, गोंदातले वेगळेच, आणि त्यातले बरेचसे लाकडाच्या नेमक्या त्याच थरात शिरते ज्याच्यावर सर्वांत जास्त ताण येणार असतो. ते सगळे बाहेर पडेपर्यंत धनुष्य हे धनुष्य नसते.

वाळवण

बँडेज आठ ते बारा तासांनी सोडावे. तोवर गोंदाने धरलेले असते, पण कातडे अजून नरम असते. त्यामुळे बँडेजच्या विणीची खूण फार खोल उमटत नाही आणि हवा सगळीकडून लागते. धागे चिकटलेले दिसले तर ओढू नयेत, ते पुढे घासताना निघतात. एखादी कड उचललेली आढळली तर तिथे लगेच थोडा गोंद घालून चिमटा लावावा, कारण कातडे अजून वळते तोवरच हे शक्य असते.

यानंतर धनुष्य सावलीत, हवा खेळती असलेल्या खोलीत आडवे टांगावे. ऊन, हीटर आणि थेट पंख्याचा वारा, तिन्ही वर्ज्य. विदर्भातल्या मे महिन्यात तर कोरड्या हवेपासूनही जपावे लागते: कडा मधल्या भागाआधी वाळतात, आक्रसतात आणि उचलतात. तिथे पहिले दोन दिवस धनुष्यावर सुती चादर सैल टाकून ठेवल्यास वाळण्याचा वेग आवरतो. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नये.

‘किती दिवस?’ या प्रश्नाचे उत्तर दिवसांत देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. उत्तर काट्यावर मिळते. माझ्या वहीतील एका धनुष्याची नोंद अशी आहे: कातड्यापूर्वी ५४८ ग्रॅम, चिकटवल्यानंतर लगेच ६९०, दुसऱ्या दिवशी ६४०, पाचव्या दिवशी ६१२, नवव्या दिवशी ६०४, बाराव्या दिवशी ६०३. कातडे पाचव्या दिवशीच हाताला खणखणीत लागत होते, पण काटा सांगत होता की आत अजून नऊ ग्रॅम पाणी आहे. सलग तीन दिवस वजन स्थिर राहिले म्हणजे वाळले असे समजावे. साधारणपणे दहा ते पंधरा दिवस लागतात.

मडके वाजवून घेतात तसे या वेळी नखाने पाठीवर टिचक्या मारत जावे. चिकटलेल्या भागावर आवाज भरीव येतो, सुटलेल्या भागावर पोकळ. नखाएवढ्या फुग्यावर ब्लेडने लांबीच्या दिशेने बारीक चीर द्यावी, इंजेक्शनच्या सिरिंजने आत गोंद सोडावा, थेंबभर पाण्याने कातडे ओलावून वर कागद ठेवून चिमट्याने दाबावे. फुगा बोटभर लांब असेल किंवा भुजेच्या मधोमध असेल तर डागडुजीवर समाधान मानू नये; ती पट्टी काढून नवी लावावी.

कडा, टोके आणि पुन्हा टिलरिंग

कोरडे कच्चे कातडे शिंगासारखे कडक असते. कडेबाहेरचा भाग कात्रीने कापायला गेल्यास चिरत जातो. आधी धारदार सुरीने, पाते लाकडापासून दूर वळवून, जाडसर छाटावे आणि मग बारीक कानशीने लाकडाच्या बरोबरीला आणावे. कानस पाठीकडून पोटाकडे चालवावी. उलट चालवल्यास ती कड उचलते. पाठीवरून १२० आणि मग २२० नंबरचा सँडपेपर फिरवावा, टोकांकडच्या तिसऱ्या हिश्शात थोडा अधिक. टोकांवरचा प्रत्येक ग्रॅम बाणाचा वेग खातो, मुठीजवळचा खात नाही. दोरीच्या खाचा आता कातड्यासकट गोल कानशीने पक्क्या कराव्यात आणि प्रत्येक खाचेच्या खाली सुती किंवा रेशमी धाग्याचे दीड-दोन सेंमी वेढे गोंदात भिजवून घट्ट बांधावेत. कातडे उचलायला सुरुवात होते ती बहुतेक इथूनच.

वाळलेले कातडे आक्रसून पाठीला किंचित ओढते, त्यामुळे भुजा पूर्वीपेक्षा अर्धा-एक सेंमी सरळ किंवा उलट्या वाकलेल्या दिसतात आणि भार एखाद-दोन पौंडांनी वाढलेला आढळतो. दोन भुजांवरच्या कातड्यात थोडा फरक असल्यास त्यांचा तोलही बदललेला असतो. म्हणून टिलरिंग जिथे सोडले होते तिथून नव्हे, तर दोन पावले मागून सुरू करावे. आधी दोरी मुठीपासून कमी अंतरावर राहील अशी लावून, वीस इंचांपर्यंत तीसेक वेळा सावकाश ओढून, भिंतीवर अडकवलेल्या धनुष्याच्या दोन्ही भुजांच्या वाकाची तुलना करावी. जिथे जास्त वाकते तिथे हात लावू नये. जिथे कमी वाकते तिथले पोट खरवडावे. मग एकेक इंच पुढे जावे. या काळात कातड्याला कानस लावून भार कमी करण्याचा विचार मनात आणू नये, जे काढायचे ते पोटाचे लाकूड. डोळ्यांवर गॉगल असावा, समोर कोणी उभे नसावे आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला तर लगेच थांबून पाठ आणि कडा भिंगातून पाहाव्यात. आवाज कधी कधी नुसता सुटलेल्या गोंदाचा असतो, पण तसे गृहीत धरण्यात शहाणपण नाही.

लेप

कच्चे कातडे हवेतला ओलावा पुन्हा शोषून मऊ पडते, म्हणून त्यावर लेप हवाच. परंतु तो टिलरिंग संपून धनुष्यातून शंभरेक बाण सुटल्यावरच चढवावा. ओल आत कोंडून वरून लेप दिला तर ती तिथेच राहते. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे सहा-आठ पातळ हात, प्रत्येक हातानंतर दोन तास थांबून, ही माझी पसंती आहे. कातडे त्याने मधासारखे पारदर्शक दिसू लागते. चपडा लाख पाण्याच्या वाफेला चांगली अडवते, पण प्रत्यक्ष पावसात पांढुरकी पडते. बाहेर सराव करणाऱ्याने वर पॉलियुरेथेनचे दोन हात द्यावेत. कडा आणि टोकांवरचे धागे विशेष काळजीने भरावेत. मूठ सुती दोरीने किंवा कमावलेल्या चामड्याने मढवली की पट्ट्यांचा जोड झाकला जातो.

धनुष्य दोरी उतरवून, भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे. माळ्यावर किंवा कपाटामागे उभे करून विसरून जाऊ नये. कातडे हे उंदराच्या दृष्टीने खाद्य आहे, सरस तर त्याहून चविष्ट, आणि लाखेचा लेप त्याला थांबवत नाही. माझ्या एका मित्राचे सुरेख मढवलेले धनुष्य दिवाळीच्या सुट्टीनंतर टोकाकडून वीतभर कुरतडलेले निघाले. लाकूड शाबूत होते. त्याने कुरतडलेला भाग कोमट ओल्या फडक्याने मऊ करून सोडवला, तेवढ्याच लांबीची नवी पट्टी तिरप्या जोडाने बसवली, जोडावर रेशमी धाग्याचे वेढे दिले आणि काट्यावर वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा बारा दिवस थांबला.